रामदास बोटीवर नसलेले एक यंत्र

१/ १७ जुलै १९४७, गुरुवार. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' ही आगबोट रेवसकडे निघाली. आषाढ अमावास्येचे दिवस, भर पावसाळा आणि बोटीवर सातशेच्या आसपास माणसे.

२/ सुमारे अर्ध्या तासात काश्याच्या खडकाजवळ बोटीला प्रचंड लाटांनी गाठले. घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले, बोट कलंडली आणि बघता बघता बुडाली. सहाशेहून अधिक जीव गेले.

३/ मात्र या दुर्घटनेचा खरा प्रश्न पुढेच आहे. मुंबई बंदर तेथून काही मैलांवर होते, तरी दुपार उलटेपर्यंत शहराला काहीच ठाऊक नव्हते. कारण 'रामदास'वर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. रेवसहून मासळी घेऊन मुंबईकडे येणाऱ्या कोळ्यांनी जमेल तेवढ्यांना आपल्या होड्यांत ओढून घेतले; पोहत किनाऱ्याला लागलेल्यांनी बातमी आणली.

४/ असे यंत्र तेव्हा नवे होते काय? मुळीच नाही. १९१२ मध्ये 'टायटॅनिक'वरून गेलेल्या बिनतारी संदेशामुळेच 'कार्पेथिया' धावून आली आणि सुमारे सातशे जण वाचले. त्याहून जवळ असलेल्या 'कॅलिफोर्नियन'चा संदेशचालक मात्र त्या वेळी झोपला होता. म्हणजे यंत्र हवे आणि ते ऐकणारा कानही हवा, हा धडा जगाला 'रामदास'च्या ३५ वर्षे आधीच मिळाला होता.

५/ मग तो धडा कोकण किनाऱ्यापर्यंत का पोहोचला नाही? १९१४ आणि १९२९ च्या सागरी सुरक्षा करारांचा भर आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या जहाजांवर होता. मालवाहू जहाजांना बिनतारी यंत्राची सक्ती १६०० टनांपासून पुढे होती. 'रामदास' जेमतेम ४०० टनांची, किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी. नियमाच्या चौकटीत ती बसतच नव्हती.

६/ इशारा मिळाला नव्हता, असेही नाही. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी याच किनाऱ्यावर 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. वीस वर्षांनीही किनारी प्रवाशाच्या जिवाची हमी खलाशाच्या अनुभवावर आणि नशिबावरच अवलंबून राहिली.

७/ पुढे यंत्रे बदलत गेली. मोर्सच्या 'कट्ट-कड'ची जागा व्हीएचएफ रेडिओने घेतली. १ फेब्रुवारी १९९९ पासून जागतिक सागरी संकट-सूचना व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि मोर्सचे युग संपले. मच्छीमारांसाठी इस्रोने उपग्रहाद्वारे संकटसूचना देणारे यंत्र तयार केले. ते २०१० पासून वापरात आहे. त्याच्या दुसऱ्या पिढीत संदेश पोहोचल्याची पोच होडीवर परत येते.

८/ गोदावरीच्या खोऱ्यात, समुद्रापासून कोसो दूर राहणाऱ्या नांदेड-लातूरच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. तंत्रज्ञान आधी मोठ्यांकडे पोहोचते आणि लहानांकडे बहुधा दुर्घटनेनंतर, हा क्रम केवळ समुद्रावरचा नाही. शोध केव्हा लागला, हे इतिहास सांगतोच. तो कोणापर्यंत केव्हा पोहोचला, हेही त्याला विचारले पाहिजे.