आधी चूल, मग पाटी

मराठी मुलखातल्या मुलींच्या वसतिगृहाचा इतिहास सांगणारे बहुधा शाळेपासून सुरुवात करतात: कोणता वर्ग कधी उघडला, पहिली पदवीधर कोण झाली वगैरे. मला तो इतिहास मुदपाकखान्यात जास्त सापडतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुलगी परगावी राहायला धाडायची म्हटली की तिथे काय शिकवतात हे घरचे नंतर विचारत. स्वयंपाकाला कोण आहे, पाणी कोण भरते, पंगतीला शेजारी कोण बसते, याची चौकशी आधी व्हायची. या प्रश्नांना ज्या संस्थेने जसे उत्तर दिले, तशी ती संस्था घडली.

राहून शिकण्याची सोय मिशनऱ्यांनी आधी केली होती. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनची मुलींची निवासी शाळा १८३०च्या दशकाअखेरीस सुरू झाली. पण मिशनचे अन्न पोटात गेले की जात गेली, हा हिशेब पक्का असल्यामुळे वरच्या जातींतल्या घरांनी तिकडे पाठ फिरवली. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि फसलेल्या ब्राह्मण विधवांना आसरा दिला, तेव्हा त्या बायका जीव वाचवायला आल्या होत्या. नड असली की सोवळे आपोआप गळते. शिकण्याची नड मात्र कुणाला तेवढी मोठी वाटत नव्हती. पुण्यात १८८४ मध्ये हुजूरपागा उघडली, ती न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक यांच्या प्रयत्नांतून. तिथे मुलगी शिकून संध्याकाळी घरी जेवायला परतू शकत होती, ही गोष्ट लहान नाही.

खरी परीक्षा झाली शारदा सदनात. पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमचे मुलींचे कॉलेज आतून पाहिले होते. तिथे त्या स्वतः शिकल्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. पुढे अमेरिकेत त्यांनी बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले. उच्चवर्णीय विधवांची स्थिती सांगणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले. त्याच वर्षी बॉस्टनला त्यांच्या मदतीसाठी मंडळ उभे राहिले आणि दहा वर्षे खर्च पुरवण्याचे त्याने कबूल केले. अट एवढीच, की सदनात धर्मशिक्षण होणार नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले.

चालवणारी बाई ख्रिस्ती आणि राहणाऱ्या मुली बहुतेक ब्राह्मण बालविधवा, असा हा संसार. रमाबाईंनी मुलींना आपापले आचार पाळायची पूर्ण मोकळीक ठेवली आणि चूल मुलींच्या रीतीचीच राहू दिली. स्वतः त्या इंग्लंडमध्येही शाकाहारीच राहिल्या होत्या. ज्या घरांत विधवेला एकभुक्त ठेवत, शुभकार्यात समोर येऊ देत नसत, तिथल्या मुली इथे दोन वेळा पोटभर जेवत, गणित करत, एकमेकींच्या वेण्या घालत. वेण्या म्हणजे ज्यांचे केस वाढू लागले होते त्यांच्या. देवरुखकडची गोदूबाई जोशी ही त्यांतलीच एक. आठव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, मग केशवपन आणि आलवण. सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींत तिचे नाव आहे. तिने म्हातारपणी ‘माझे पुराण’ लिहिले, म्हणून त्या घराकडे आपल्याला एका राहणारीच्या नजरेने पाहता येते.

चूल सांभाळली, तरी सदनावर गंडांतर आले ते एका दारावरून. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार लावून घेत नसत, आणि काही मुली आत येऊन बसू लागल्या. त्यांना या म्हटले नव्हते, हे खरे. बाहेर घालवलेही नाही, हेही खरे. ‘केसरी’ने झोड उठवली. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. रमाबाई पुढे केडगावला गेल्या. १८९६च्या दुष्काळानंतर तिथल्या मुक्ती सदनात शेकड्यांनी मुली आल्या, हातमाग, तेलघाणा आणि छापखाना चालवू लागल्या. रमाबाईंनी मराठीत केलेल्या बायबलचे खिळे जुळवणाऱ्या हातांत या मुलींचे हात होते. पण पुण्याच्या पांढरपेशा घरांच्या लेखी तो विषय तिथेच संपला.

सदनावर हे गंडांतर आले त्याच वर्षी, १८९३ मध्ये, ११ मार्चलाच, गोदूबाईंनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला होता आणि त्या आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया झाल्या होत्या. सदनाचा धडा कर्व्यांच्या अगदी घरात होता. १४ जून १८९६ रोजी त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. परकीय पैसा नको, धर्मांतराचा संशय नको, आणि पुनर्विवाहाचा प्रचारही नको, असा नेमस्त बेत होता. प्लेगच्या दिवसांत, १९०० मध्ये, आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला हलला. जागा रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी दिलेली, इमारत म्हणजे एक झोपडी. फर्ग्युसनमध्ये दिवसभर गणित शिकवून कर्वे संध्याकाळी शेतांच्या बांधांवरून चालत तिथे जात. पावसाळ्यात ती वाट म्हणजे निव्वळ चिखल. जाताना आश्रमाला लागणारे सामान हातात असे. रात्री मुलींना शिकवायचे, पहाटे कॉलेजसाठी परत निघायचे.

नेमस्तपणाची किंमत मात्र बायांनी मोजली. पुनर्विवाहित बाई आश्रमात वावरली तर लोक आपल्या विधवा मुली पाठवणार नाहीत, म्हणून जिच्या अनुभवातून हे सगळे सुचले तिलाच आश्रमापासून दूर राहावे लागले. व्यवहार म्हणून मला हे कळते. न्याय म्हणून पटत नाही, आणि बायांच्या लेखनात त्याची खंत आहेच.

बायांच्या बहिणीची, पार्वतीबाई आठवल्यांची गोष्ट याच्या उलट बाजूने घडली. त्याही विधवा, पण पुनर्विवाह न केलेल्या, केशवपन केलेल्या. आश्रमात त्यांनी काम केले आणि वर्गणीसाठी गावोगाव हिंडल्या. मुंडन केलेली, आलवण नेसलेली बाई दारात उभी राहिली की सनातनी घरातल्या बायकाही ऐकून घेत. तिच्या वेषामुळे संस्थेवर विश्वास बसे. हे कळत असूनही १९१२ मध्ये पार्वतीबाईंनी केस वाढवायला घेतले. पुढे इंग्रजी शिकण्याच्या हट्टाने त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी काम करून राहिल्या. ‘माझी कहाणी’त हे त्यांनी कुठलाही आव न आणता सांगितले आहे.

१९०७ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यालय काढले, ते अविवाहित मुलींसाठी, त्यांची लग्ने लांबावीत म्हणून. आता प्रश्न उलटा झाला. कुमारिकेने विधवांच्या सावलीत राहायचे? पालकांना ते अशुभ वाटे. म्हणून आरंभी विद्यालय पुण्यात, आश्रम हिंगण्यात. पुढे १९११ मध्ये विद्यालयही हिंगण्याला आले आणि दोन्हीकडच्या मुली एका आवारात वावरू लागल्या. कुणी भाषणे करून ही भीती घालवली नाही. दळण, निवडण, झाडलोट, स्वयंपाकाच्या पाळ्या असा रोजचा सहवास घडत गेला आणि अशुभाची धार बोथट झाली. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने, १९०९ मध्ये पुण्यात काम सुरू केल्यावर, ससून रुग्णालयात परिचारिका होऊ पाहणाऱ्या बायकांची राहण्याची निराळी सोय केली, तीही चुलीच्याच कारणाने. दिवसभर रुग्णाला शिवणाऱ्या बाईला रात्री जेवायला आपले म्हणावे असे स्वयंपाकघर लागत होते.

ही सगळी उलाढाल मुख्यतः ब्राह्मण घरांपुरती होती, हे विसरू नये. हिंगण्याच्या सुरुवातीच्या पटावर दुसऱ्या जातींची नावे शोधावी लागतील. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे काढली ती मुलांसाठी, आणि जातवार, कारण एका पंगतीचा आग्रह धरला असता तर मुले आलीच नसती. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये छत्रपती शाहू बोर्डिंग काढले आणि सगळ्या जातींच्या मुलांची चूल एक केली. ती पेलली त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. कर्मठ जैन घरातून आलेल्या या बाईने सोवळे बाजूला ठेवले आणि सगळ्या मुलांना एका पंगतीत वाढले. कोठीत धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. ही पंगत मात्र मुलांची होती. तशा पंगतीचे मुलींचे वसतिगृह गावोगावी निघायला पुढची पिढी उजाडावी लागली.