१४. निसर्गनियम
येथे भौतिकशास्त्रातला नियम अभिप्रेत नाही. माणसाला स्वतःच्या विवेकाने उमगणारे बऱ्यावाइटाचे शासन, हा ख्रिस्ती नीतिशास्त्रातला अर्थ घ्यावा. सेमिनरीत कॅथलिक धर्मगुरू होऊ पाहणारे विद्यार्थी ईश्वरविद्येआधी तत्त्वज्ञान शिकतात. मजकुरातला तास त्याच अभ्यासक्रमातला. कल्पना स्टोइकांची आणि सिसरोची. मोशेचे नियमशास्त्र न मिळालेल्यांच्याही अंतःकरणावर नियम लिहिलेला असतो, असे संत पौल रोमकरांस पत्रात (२:१४-१५) म्हणतो. पक्की मांडणी मात्र संत थॉमस अक्वायनसची (सुमारे १२२५-१२७४) : ‘सुम्मा थिओलॉजिए’, दुसऱ्या भागाचा पूर्वार्ध, प्रश्न ९४. चांगले ते करावे, वाईट ते टाळावे, हे त्याचे पहिले सूत्र. त्या तासाला प्राध्यापकांनी दिलेले ठेवीचे उदाहरणही तिथलेच. ठेव मालकाला परत करावी हे सर्वसाधारणपणे खरे. पण तो ती मायदेशाविरुद्ध लढण्यासाठी मागत असेल तर देऊ नये. तत्त्व अढळ असले तरी तपशिलात उतरताना अपवाद निघतात, हे अक्वायनस स्वतःच सांगतो. त्याला हटवादी ठरवणारे टीकाकार नेमका हा भाग गाळतात, आणि तो त्याच्यावर अन्याय आहे. प्रॉटेस्टंट पंथांत पापाने मलिन झालेल्या बुद्धीवर इतका भरवसा टाकायला अनेकांचा विरोध राहिला. त्यांपैकीच एक ईश्वरविद्यापंडित कार्ल बार्थ याने १९३४ साली एमिल ब्रुनरला दिलेल्या उत्तराचे शीर्षकच ‘नाही!’ असे होते. तरीही बॅप्टिस्ट पाळक मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात अन्याय्य कायदा कोणता हे ठरवताना अक्वायनसचाच आधार घेतला. — संपा.