प्रतिस्पर्ध्याच्या टाळ्या

१९७२. रेक्याविक. बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाचा सामना. पहिला डाव हरलेला बॉबी फिशर रुसून दुसऱ्या डावाला आलाच नाही. २-० अशी आघाडी घेतलेल्या बोरिस स्पास्कीला किताबासह मायदेशी परतणे शक्य होते. परंतु फिशरच्या हट्टाखातर त्याने तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, मागच्या खोलीत खेळला आणि गमावला. सहाव्या डावातील पराभवानंतर तर प्रेक्षकांसवे त्यानेही टाळ्या वाजवल्या. पुढे किताबही गेला.

२००४ साली फिशर जपानमध्ये अटकेत असता, मलाही त्याच्याच कोठडीत टाका आणि बुद्धिबळाचा पट द्या, असे स्पास्कीने अमेरिकेच्या अध्यक्षांना लिहिले. त्याने जे गमावले त्याची नोंद इतिहासात आहेच. जे राखले, ते आम्हांस अधिक मोलाचे वाटते.