मॉड्युलर अंदाजपत्रक

मॉड्युलर अंदाजपत्रक ही वैद्यकीय संशोधनाच्या अनुदानासाठी अर्ज करण्याची सुलभ पद्धत आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने (एनआयएच) ती १९९९ मध्ये सुरू केली.

तत्पूर्वी वेतन, उपकरणे, रसायने, प्रवास अशा प्रत्येक बाबीचा तपशील अर्जातच द्यावा लागे. बहुसंख्य अर्ज नामंजूर होत असल्याने ही आकडेमोड वाया जाई आणि परीक्षकांचेही लक्ष विज्ञानाऐवजी हिशेबाकडे वळे. नव्या पद्धतीत २५,००० डॉलरचा एक ठोकळा (मॉड्यूल) मानून अर्जदार पूर्ण ठोकळ्यांत रक्कम मागतो. कर्मचाऱ्यांचा सहभाग आणि सहयोगी संस्थांचा खर्च यांचे स्पष्टीकरण मात्र द्यावे लागते. इतर अनुदानांची माहिती, प्राणिप्रयोगांची मंजुरी इत्यादी कागदपत्रे अनुदान मिळण्याची शक्यता दिसल्यावरच मागवली जातात. सुलभता आहे ती अर्जापुरतीच. मिळालेल्या पैशाचा काटेकोर हिशेब संस्थेला ठेवावाच लागतो.

कोणत्याही वर्षी प्रत्यक्ष खर्च २,५०,००० डॉलरहून अधिक असल्यास ही पद्धत लागू होत नाही. वेतन व साहित्य महागत गेले, तरी आरंभी ठरलेली ही मर्यादा दीर्घकाळ तीच राहिली. त्यामुळे एके काळी ऐसपैस वाटणाऱ्या रकमेत आज मध्यम आकाराची प्रयोगशाळा चालवणे कठीण जाते. ठोकळ्यांत महागाईपोटी वार्षिक वाढही धरली जात नाही. परिणामी अनेक संशोधक एक तर काम आखडते घेतात किंवा पुन्हा तपशीलवार अंदाजपत्रकाकडे वळतात.

अमेरिकेबाहेरील संस्थांना ही सवलत नाही. भारतीय संस्थेने थेट अर्ज केल्यास तिला तपशीलवार अंदाजपत्रकच सादर करावे लागते.