ओ नसलेला ओ : बॉम्बे ब्लड ग्रुपची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. आजची गोष्ट रक्ताची आहे, मुंबईची आहे आणि थोडी माझ्या फजितीचीही आहे.

जानेवारी महिना. मी सुट्टीला इंदापूरला घरी आलो होतो. रात्री साडेदहाला कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर मेसेज पडला : "बॉम्बे ओ पॉझिटिव्ह रक्त हवंय, बारामती, अर्जंट." गणपतीतल्या रक्तदान शिबिरात मिळालेल्या माझ्या कार्डावर ओ पॉझिटिव्ह लिहिलंय. "ओ म्हणजे सगळ्यांना चालणारं रक्त," हे वडिलांचं वाक्य तर लहानपणापासून पाठ. 'बॉम्बे' म्हणजे पेशंट मुंबईचा असेल, असं मी धरून चाललो आणि गाडी काढली. निमगाव केतकी, अंथुर्णे, भवानीनगर. कारखान्यांचा हंगाम, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. बारामतीत पोचायला साडेबारा वाजले.

रक्तपेढीतल्या ताईंनी माझं कार्ड बघितलं आणि म्हणाल्या, "दादा, तुमचं साधं ओ आहे. यांना ओ चालत नाही. दिलं तर जिवावर बेतेल."

ओ चालत नाही? मग कुणाला चालतं?

याचं उत्तर शोधताना जो इतिहास सापडला, तो आज सांगतो.

रक्तगट म्हणजे साखर

१९०१ मध्ये व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी रक्ताचे गट असतात हे दाखवून दिलं. १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ए, बी, एबी, ओ आपण शाळेतच शिकतो. पण ए आणि बी म्हणजे नक्की काय, हे मला बीटेक होऊनही माहीत नव्हतं.

ती साखर आहे. आपल्या उसाची नव्हे, तिच्या भाऊबंदांपैकी. लाल पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या असतात. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या जोडतात ना, तसं समजा. मूळ साखळी हा ट्रॅक्टर. तिच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर जोडली जाते, ही पहिली ट्रॉली. या जोडणीला म्हणतात 'एच'. तिच्याशेजारी आणखी एक साखर जोडली की झाला ए. वेगळी साखर जोडली की बी. दोन्ही प्रकारच्या साखळ्या असल्या तर एबी. आणि एचनंतर काहीच जोडलं नाही तर ओ.

म्हणजे ओ म्हणजे शून्य नाही. ओ म्हणजे एक ट्रॉली.

मुंबई, १९५२

मे १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात एक छोटा लेख आला. लेखकांत पहिली नावं मुंबईची : डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया. सोबत लंडनचे रूथ सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स. मुंबईत अशी तीन माणसं सापडली होती, ज्यांच्या पेशींवर ए नव्हता, बी नव्हता आणि एचसुद्धा नव्हता. पहिली ट्रॉलीच गायब.

आता यातला धोका बघा. आपल्या पेशीवर जे नाही, त्याच्याविरुद्ध शरीर अँटिबॉडी तयार ठेवतं. या माणसांच्या रक्तात ए, बी आणि एच तिघांच्याही विरोधी अँटिबॉडी असतात. एच तर जवळजवळ प्रत्येक माणसात असतोच, आणि ओ गटात तो सगळ्यात जास्त. त्यामुळे जे रक्त आपण 'सगळ्यांना चालणारं' म्हणतो, तेच यांना घातक.

पुढे याच गटाला 'बॉम्बे' नाव पडलं. भाटिया यांनी नंतर मुंबईत केलेल्या पाहणीत साधारण ७,६०० लोकांत एक असं प्रमाण आढळलं. युरोपात ते दहा लाखांत एकाच्या आसपास सांगतात. शहराचं नाव मुंबई झालं, रक्तगट मात्र अजून बॉम्बेच आहे.

ट्रॉली जोडतं कोण?

इथे गोष्ट प्रथिनांकडे वळते. साखर आपोआप जुळत नाही. ती जोडायला पेशीत एन्झाइम असतात आणि एन्झाइम म्हणजे प्रथिनं. प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब माळ. ती घडी घालून एक ठरावीक आकार घेते, आणि त्या आकारावर तिचं काम ठरतं. मोठ्या प्रथिनात अनेकदा स्वतंत्र घडीचे भाग असतात, त्यांना डोमेन म्हणतात. १९७३ मध्ये डोनाल्ड वेटलॉफर यांनी ही कल्पना नीट मांडली. आमच्या भाषेत सांगायचं तर मोठा प्रोग्रॅम लिहिताना आपण मॉड्यूल करतो, प्रत्येकाला आपापलं काम. तसंच.

ए आणि बी जोडणाऱ्या एन्झाइमचा आकार २००२ मध्ये एक्स-रे वापरून उलगडला. त्यात दोन डोमेन आहेत आणि मध्ये खाच. एक डोमेन नवी साखर धरून ठेवतं, दुसरं डोमेन समोरचा एच ओळखतं, आणि खाचेत जोडणी होते. एच नसेल तर दुसऱ्या डोमेनला धरायला काहीच नाही.

आता गंमत ऐका. ए आणि बी यांची एन्झाइमं प्रत्येकी ३५४ अमिनो आम्लांची. फरक फक्त चार ठिकाणी : १७६, २३५, २६६ आणि २६८. त्यातही कुठली साखर उचलायची हे मुख्यतः शेवटच्या दोन जागा ठरवतात. आणि ओ? १९९० मध्ये फुमीइचिरो यामामोतो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नेहमीच्या ओ जनुकात एकच अक्षर गळालेलं असतं, २६१ व्या जागी. एक अक्षर गळालं की पुढची सगळी वाचनाची चौकट सरकते. प्रथिन तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच थांबतं आणि जोडणीचं डोमेन बनतच नाही. एका कॉमासाठी रात्रभर बिल्ड अडकलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे लगेच पटेल.

बॉम्बे गटात बिघाड त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. एच तयार करणाऱ्या एन्झाइमच्या जनुकाचं नाव एफयूटी१. एन्झाइम ३६५ अमिनो आम्लांचं. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय बॉम्बे गटाचं कारण शोधलं. जनुकात ७२५ व्या जागी टी ऐवजी जी, त्यामुळे प्रथिनात २४२ व्या जागी ल्युसीनऐवजी आर्जिनीन. ल्युसीन पाण्यापासून लांब राहणारं, आर्जिनीन विद्युतभार असलेलं आणि पाण्याकडे ओढणारं. काम करणाऱ्या डोमेनमध्येच हा बदल, म्हणून एन्झाइम बंद. बाकी माणूस ठणठणीत. रक्त लागेपर्यंत त्याला पत्ताही नसतो.

घरातल्या गोष्टी

साध्या स्लाइडच्या तपासणीत बॉम्बे गट ओ म्हणूनच दिसतो. खरं काय ते कळतं, रुग्णाचा सीरम ओ पेशींबरोबर तपासल्यावर किंवा क्रॉसमॅच करताना. म्हणून ती पायरी कधीही गाळायची नसते.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. बॉम्बे माणसाकडे ए किंवा बी जोडणारं जनुक शाबूत असू शकतं, फक्त एच नसल्यामुळे ते दिसत नाही. मुलाला दुसऱ्या पालकाकडून चांगलं एफयूटी१ मिळालं की ते पुन्हा दिसतं. म्हणजे कार्डावर आई ओ, वडील ओ आणि मूल बी, हे शक्य आहे. एखाद्या बाईवर संशय घेण्याआधी हे कुणीतरी घरात सांगायला हवं.

तिसरं. हा दोष दिसायला आई-वडील दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते. नात्यात लग्नं होतात तिथे, अगदी मामाच्या मुलीशी लग्न करायच्या आपल्या प्रथेतही, ही शक्यता वाढते. पण यातच एक आशाही आहे. आई-वडील दोघं वाहक असतील तर प्रत्येक सख्ख्या भावंडाचा गटही बॉम्बे असण्याची शक्यता चारात एक. म्हणून शोध आधी घरातच घ्यायचा.

त्या रात्री तेच झालं. ताईंनी पेशंटच्या भावाला विचारलं, "तुमची तपासणी झालीय का?" तो म्हणाला, "माझं ओ आहे, कार्डावर लिहिलंय." त्यांनी तरी रक्त घेतलं. पहाटे चारच्या सुमारास बाहेर येऊन त्या एवढंच म्हणाल्या, "जुळतंय." दहा वर्षं तो शिबिरांत ओ म्हणून रक्त देत होता.

मी काहीच न देता उजाडताना परत निघालो. भवानीनगरजवळ ट्रॉल्या अजून उभ्याच होत्या. यावेळी मी त्यांच्यामधला हूक बघितला.

पुढच्या वेळी शिबिरात गेलात आणि कार्डावर ओ आलं, तर एकदा विचारा : सीरमची तपासणी झाली का? भेटू पुढच्या भागात. तोवर रक्त देत राहा.