तुळईची गिटार

गागोदे बुद्रुकचे आमचे जुने घर उतरवले, तेव्हा ऐनाच्या तुळईला गिऱ्हाईक दारात आले. पुतण्या मात्र म्हणाला, "काका, हिची इलेक्ट्रिक गिटार करतो." ऐन कधी वाजतो का, म्हणून मी हसलो. मग इतिहास चाळला.

19व्या शतकात मिरजेच्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी, सतारी घडवायला घेतल्या. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतले आद्य नाव. घुमाऱ्यासाठी त्यांच्या परंपरेने पंढरपूरकडच्या शेतातला भोपळा वापरला.

इलेक्ट्रिक गिटारला घुमाराही लागत नाही. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली की तिथल्या वेटोळ्यात वीज उमटते. लाकडाने तार घट्ट धरायची आणि ताणाखाली वाकायचे नाही, एवढेच. म्हणून तर 1963 साली ब्रायन मे आणि त्याच्या वडिलांनी घरी घडवायला घेतलेल्या गिटारचा दांडा जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून निघाला.

ऐन जड असतो, रंध्याला दाद देत नाही. पण आमच्या तुळईचे सुकणे-वाकणे केव्हाच संपले आहे. आजोबांचे कौलारू छप्पर तिने पेलले. सहा तारांचा ताणही पेलेल. गिऱ्हाइकाला मी परत पाठवले.