घावाआधीची घासणी

 

या कार्यक्रमात आपण एरवी कर्ज, परतफेड, शेळ्या, मुलींची शाळा यावर बोलतो. आज मात्र आम्ही इतिहासावर बोलणार आहोत. इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजे आणि गड येतात. आजची गोष्ट त्याच्या फार मागची आहे. माणसाला लोखंड माहीत नव्हतं, तांबंही माहीत नव्हतं, तेव्हा तो कापायचा कशानं, सोलायचा कशानं, ही ती गोष्ट.

आपलं खुरपं बोथट झालं की आपण ते दगडावर घासतो. म्हणजे लोखंडाला धार देतो दगड. मग दगडाला धार कोण देतं? दुसरा दगड. पण कसा, ते ऐका.

मागे एका गटाच्या मासिक बैठकीत हा विषय निघाला. एका ताईंनी बांधावरची मूठभर आकाराची गारगोटी आणली होती. आम्ही हौसेनं ती दुसऱ्या दगडानं ठोकली. पहिल्या घावाला काठ चुरला, दुसऱ्या घावाला नुसती खडी पडली. कोपऱ्यात एक मावशी बसल्या होत्या. तरुणपणी त्यांनी दगडफोडीवर काम केलेलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, तो काठ दुबळा आहे. दुबळ्या काठावर घाव घातला तर काठच जाणार. आधी त्याला तयार कर." त्यांनी आम्हाला पदर डोळ्यांपुढे धरायला लावला, एक खरबरीत दगड घेतला आणि गारगोटीचा तो पातळ काठ चार-पाच वेळा घासला. काठ बोथट झाला. मग काठाच्या किंचित आत एकच घाव घातला. खालून नखाएवढी पातळ कपची सुटली. तिनं आम्ही सुतळी कापली.

पुढे वाचताना कळलं की जुनी दगडी हत्यारं अभ्यासणारे लोकही नेमकं हेच सांगतात. आपल्याकडचा बारीक पोताचा काळा दगड असो नाहीतर गारगोटी, अकीक असो, हे दगड काचेसारखे फुटतात. घाव बसला की जोर दगडाच्या आत लाटेसारखा पसरतो आणि कपची सुटते. ज्यातून कपची काढली त्या दगडाला गाभा म्हणतात. एक कपची निघाली की गाभ्याच्या काठावर एक पातळ ओठ बाहेर राहतो. तो तसाच ठेवून पुढचा घाव घातला, तर सगळा जोर तो ओठ चुरण्यातच जातो. म्हणून आधी तो ओठ बारीक टोले देऊन काढायचा, काठ घासून मजबूत करायचा, घाव बसणारी बाजू काटकोनापेक्षा थोडी आत झुकती आहे ना ते बघायचं आणि मगच मारायचं. म्हणजे बघा, धारदार कपची हवी असेल तर आधी काठ बोथट करावा लागतो. घाव एका क्षणाचा असतो. बराचसा वेळ जातो तो त्याच्या आधीच्या तयारीत.

आता हे सगळं लांब कुठेतरी घडलं असं समजू नका. आपण मोरगावला मयूरेश्वराच्या दर्शनाला जातो. मोरगाव आपल्या बारामती तालुक्यातलं, कऱ्हेच्या काठचं. त्याच कऱ्हेच्या जुन्या गाळात अश्मयुगातली दगडी हत्यारं सापडली आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 सालानंतर तिथे उत्खनन केलं. तिथल्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थरही आहे. ही राख आपल्या सह्याद्रीतली नाही. समुद्रापलीकडे, इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून ती वाऱ्यावर आली. ती केव्हा आली यावर अभ्यासकांत पुष्कळ वाद झाला. काहींनी ती सुमारे 75 हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची मानली. पण पुढे झालेल्या चाचण्यांवरून ती त्याहून फार जुनी, सात-आठ लाख वर्षांपूर्वीची असल्याचं दिसतं. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीवर बोरी गाव आहे. तिथेही अशीच राख आणि अशीच हत्यारं मिळाली.

आठ लाख वर्षं म्हणजे किती? शिवाजी महाराजांना जन्मून चारशे वर्षंही झाली नाहीत. तेवढा काळ दोन हजार वेळा एकापुढे एक ठेवला तर आठ लाख होतात. त्या काळी आपल्यासारखी माणसं नव्हती, आपल्याआधीची मानवजात होती. तरी कऱ्हेच्या काठावर बसून कुणीतरी दगड उलटासुलटा करून बघत होतं आणि कुठे मारायचं ते ठरवत होतं.

आता जरा जवळच्या काळात येऊ. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीवर इनामगाव आहे. घोडचं पाणी भीमेला मिळतं आणि भीमा पुढे आपल्या इंदापूरकडे उजनीत येते. म्हणजे ते गाव आपल्याच पाण्यावरचं. 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजनं तिथे उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. सुमारे 3600 ते 2700 वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव तिथे मिळालं. शंभराहून जास्त घरं, चुली, धान्य साठवायच्या जागा. ते लोक जव, गहू, मसूर, हुलगे पिकवत. त्यांना तांबं माहीत होतं, पण ते फार थोडं आणि मोलाचं. रोजच्या कापाकापीला दगडाचीच पाती लागत. आपल्या शेतात दिसतात तसल्या दुधी, राखी रंगाच्या गारगोट्यांची ती पाती.

ही पाती करायची त्यांची रीत बघण्यासारखी आहे. आधी गारगोटीच्या एका बाजूला, एकदा इकडून आणि एकदा तिकडून, बारीक बारीक कपच्या काढायच्या. त्यानं वेणीच्या पेडासारखी नागमोडी कड तयार होते. मग त्या कडेच्या डोक्यावर काठ नीट करून घाव घालायचा. जोर त्या कडेच्या वाटेनं सरळ खाली जातो आणि लांबट पातं सुटतं. ते निघालं की मागे दोन सरळ कडा राहतात, त्या पुढच्या पात्यांना वाट दाखवतात. अशी एकामागून एक सारखी पाती निघत. ती लाकडाच्या किंवा हाडाच्या मुठीत ओळीनं बसवली की झाला विळा. एखादं पातं झिजलं तर तेवढंच बदलायचं.

आता तुमच्या मनात येईल, हे काम पुरुषांचंच असणार. पुस्तकांतल्या चित्रांत दगड फोडणारा दाढीवाला पुरुषच असतो, आणि बाई मागे चुलीजवळ. पण आफ्रिकेत इथिओपिया देशात कोन्सो नावाचे लोक आहेत. त्यांच्यातल्या बायका अगदी अलीकडेपर्यंत कातडं घासायची दगडी हत्यारं स्वतः घडवत आल्या. दगड निवडायचा त्यांनी, फोडायचा त्यांनी, काठ झिजला की पुन्हा धार काढायची त्यांनी. मुली हे आईकडून शिकत आणि हात तयार व्हायला वर्षानुवर्षं लागत. कॅथरिन वीडमन आर्थर या अमेरिकी संशोधक बाईंनी त्यांच्याजवळ राहून हे लिहून ठेवलं. त्यामुळे कऱ्हेकाठच्या त्या हातांत बांगड्या असत्या तर काही बिघडलं नसतं. दगडावर बाई की पुरुष असं कोरलेलं नाही.

आम्हाला या विषयात एक गोष्ट फार लागली. तयारीचं काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. भाकरी दिसते, पण धान्य निवडणं, पाखडणं, दळण आणणं दिसत नाही. ऊस दिसतो, पण खुरपणी दिसत नाही. दगडाचं मात्र तसं नाही. घासलेला काठ, काढून टाकलेला ओठ, बारीक टोल्यांच्या खुणा हे सगळं दगडावर राहतं. जाणकार बोटानं चाचपून सांगतात की इथे कुणीतरी आधी तयारी केली होती. लाखो वर्षांनीसुद्धा त्या मेहनतीची साक्ष मिळते.

पण ती साक्ष मिळायला तो दगड आपल्या जागेवर हवा. आज नदीकाठची वाळू उपसली जाते, माळरानं जेसीबीनं सपाट होतात, जुन्या गाळाचा मुरूम रस्त्यावर पडतो. हत्यार कोणत्या थरात होतं हे एकदा हरवलं की त्याचं वयही हरवतं. मग तो नुसता दगड.

म्हणून आमचं एवढंच सांगणं. खुरपताना, विहीर खणताना, नदीवर गेल्यावर एखादा दगड वेगळा वाटला तर बघा. काठावर ओळीनं कपच्या काढल्याच्या खुणा आहेत का, एका बाजूला शिंपल्यासारखा फुगवटा आहे का. असेल तर तो उचलून घरी नेऊ नका, कुणाला विकू नका. जागेचा फोटो काढा, गट नंबर लिहून ठेवा आणि शाळेतल्या गुरुजींना, तलाठ्यांना किंवा डेक्कन कॉलेजला कळवा. आणि हो, गंमत म्हणून दगड फोडायला जाऊ नका. कपची डोळ्यात गेली तर डोळा जातो. आमच्यातल्या एकीचं बोट त्या दिवशी असं कापलं की आठवडाभर भांडी दुसरीनं घासली.

आमच्या गटानं त्या बैठकीनंतर एक केलं. इतिवृत्ताच्या वहीत आतापर्यंत फक्त पैसे भरले, पैसे उचलले एवढंच असायचं. आता पापडाची ऑर्डर पुरी झाली की डाळ कुणी निवडली, पीठ कुणी मळलं, उन्हात राखण कुणी केली, त्यांचीही नावं लिहितो आणि मजुरी वाटताना ती वही पुढे ठेवतो. पहिल्या महिन्यात थोडी कुरकुर झाली. मग ज्यांची नावं कधीच आली नव्हती अशा चौघींच्या हाती पैसे पडले, आणि कुरकुर थांबली.

पुढच्या बैठकीत तुमच्या गावच्या नदीबद्दल, ओढ्याबद्दल जाणत्या बायांना विचारा. कुठे कसला दगड मिळतो, जात्याला कुठला लागायचा, टाकी कोण लावायचं. जे सांगतील ते लिहून ठेवा.